विरळणी

मणेराजुरीच्या वरच्या अंगाला
सोनाक्काच्या मांडवात वाकून उभ्या आम्ही अकरा बायका,
मानेला पानं घासतायत, हातात कात्र्या.
खैरून फुपूची कात्री सगळ्यात जुनी,
मुठीला परकराची चिंधी गुंडाळलेली.
मणी अजून वाटाण्याएवढे.
तीन कापायचे, दोन ठेवायचे,
म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा होते.
रोजगार साडेतीनशे. गोष्ट फुकट.

फुपूला अक्षर येत नाही.
पण बारावफातला ऐकलेली बयानं
तिनं वाळवून ठेवलीयत बेदाण्यासारखी,
लागतील तशी मूठभर काढते.
त्या दिवशी ताइफ निघालं.

"एकाच साली बायको गेली, चुलता गेला.
मक्केत पाठीवर हात ठेवणारं कुणी उरलं न्हाई.
मग हुजूर चालत ताइफला गेले, संगट एकटा झैद.
परकं गाव तरी ऐकून घेईल, असं वाटलं असंल.
गावानं काय केलं? पोरं सोडली अंगावर.
झैद मधी पडत होता, त्याचं डोस्कं फुटलं.
हुजुरांच्या चपला रगतानं पायाला चिकटल्या."

चंपाबाई म्हणाली, "गावं कुठलीबी घे, सारखीच."
कात्र्या थांबल्या नाहीत.

"आणि शिरले कुठं, सांगा बघू?
द्राक्षाच्या बागेत.
वेलाच्या सावलीत बसले. कुणाला शिवी न्हाई, शाप न्हाई.
वर बघून म्हणाले,
तू माझ्यावर नाराज नसलास, तर बाकीचं मी सोसंन.
बागेचे मालक दोघं भाऊ,
तेबी उलटलेल्यातलेच, पण बघून त्यांना गलबललं.
सोता न्हाई आले.
गड्याच्या हाती घड पाठवला."

गडी अद्दास. लांबच्या मुलखातला, इसाई, दुसऱ्याच्या मालकीचा.

समोरच्या ओळीत तो औषधाचा मग घेऊन
एकेक घड बुडवत होता,
झारखंडाकडून आलेला पोरगा, कोपरापर्यंत हात पिवळे.
सात आठवडे आम्ही त्याला "ए भय्या" म्हणत होतो.

"हुजुरांनी बिस्मिल्ला म्हणून मणी तोंडात टाकला.
अद्दास चमकला, ह्या मुलखात तर असं कुणी म्हणत न्हाई!
आता अंगातनं रगत गळतंय, तरी हुजूर काय इचारतात?
तुझं गाव कुठलं?
निनवा, म्हणाला.
म्हंजे भल्या युनूसचं गाव.
तुम्हास्नी युनूस कसा ठावा?
तो माझा भाऊ. तोबी नबी, मीबी नबी.
मग काय, अद्दास वाकला,
डोकं चुमलं, हात चुमले, पाय चुमले."

पुढं डोंगरांचा फरिश्ता येतो, मला ठाऊक होतं.
म्हणतो, हुकूम करा, दोन डोंगर मिटवून गाव चिरडतो.
आणि हुजूर नको म्हणतात,
ह्यांच्या पोटी पुढं कोण जन्मेल काय सांगावं.
लहानपणी मी दंडोबाच्या डोंगराकडं बघत
तेवढंच पुन्हा पुन्हा सांगायला लावायची.
त्या दिवशी फुपूनं ते कापलं.
ती समोरच्या ओळीकडं बघत होती.

"पोरा, तुझं गाव कुठलं?"

तो दचकला.
मग खाली ठेवला, हात चड्डीला पुसले
आणि खिशातनं प्लास्टिकमधलं आधार कार्ड काढून
दोन्ही हातांनी पुढं केलं.

"ते ठेव आत. गाव इचारलं मी."

"काठीकुंड."

आम्ही एकमेकींकडं बघितलं.
काठीकुंडचं आम्हाला कुणीच ठाऊक नव्हतं,
ना नबी, ना पुढारी, ना चोर.
फुपूनं कात्री कमरेला खोचली.
"मग तूच सांग. तुमच्यात भला माणूस कोण?"

तो बराच वेळ मगातल्या पाण्याकडं बघत राहिला.
मग मोडक्या मराठीत, मधी मधी अडखळत,
फागू नावाच्या कुणा म्हाताऱ्याचं सांगू लागला,
ज्यानं एकट्यानं विहीर खणली
आणि पाणी लागायच्या आधीच

बांधावरनं मालकाच्या धाकट्या भावाची हाक आली,
"कात्र्या का बंद पडल्या गं?"

कुणी उत्तर दिलं नाही.